तो पांढरा ठिपका मी पुसला होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगावर चार ओळींची बातमी होती. मे महिन्यात रेटिनोब्लास्टोमा जागृती सप्ताह असतो, त्या निमित्तानं ती आली असावी. रोगाचं नाव दिलं होतं आणि शेवटी ‘पालकांनी वेळीच उपचार घ्यावेत’ असं होतं. वेळीच म्हणजे नक्की कधी, ते मात्र नव्हतं. ते मला एका घरामुळे कळलं आहे, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल. शक्य असेल तर कापू नका.

पंचवटीत माझा फोटो स्टुडिओ आहे, एकतीस वर्षं झाली. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं टचिंग करायच्या काळापासून या धंद्यात आहे. आता तेच काम कॉम्प्युटरवर करतो. बारसं, जाऊळ, पहिला वाढदिवस, शाळेच्या आयकार्डाचे फोटो, लग्नं. या भागातली किती मुलं माझ्यासमोर बसून मोठी झाली याची मोजदाद नाही.

जानेवारी 2018 मध्ये मखमलाबादच्या एका घरातल्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर होती. वडील अंबडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला, आई घरी, सोबत आजी. मुलीला मी इथे चिऊ म्हणतो, खरं नाव लिहीत नाही. छोटा हॉल होता. केक कापताना दिवे मालवले, फक्त मेणबत्ती आणि माझा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश. दोनशेच्या वर फ्रेम निघाल्या. रात्री स्टुडिओत निवडायला बसलो. ज्या फ्रेममध्ये चिऊ अगदी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती आणि चेहऱ्यावर सगळ्यात गोड हसू होतं, तीच मोठी करायची म्हणून बाजूला काढली. तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली फ्लॅशमुळे लाल आली होती, ती नेहमीचीच गोष्ट. उजवी बाहुली मात्र पांढरी होती. पिवळसर झाक असलेली पांढरी, रात्री हेडलाइटसमोर आलेल्या मांजराच्या डोळ्यासारखी. आणखी एका फ्रेममध्येही तसंच होतं.

मला वाटलं, फ्लॅश कुठंतरी फाकला. डावा डोळा काळा करून घेतला, त्याची बाहुली कॉपी केली, आरशातल्यासारखी उलटी फिरवली आणि उजवीवर बसवली. वर चमकेचा एक बारीक ठिपका ठेवला, म्हणजे डोळा जिवंत दिसतो. पाच मिनिटांचं काम. बारा बाय अठराचा फोटो लॅमिनेट करून दिला, अल्बमच्या पहिल्या पानावरही तोच. आई म्हणाली, “दादा, किती सुंदर आलाय!”

सप्टेंबरात चिऊचे वडील पासपोर्ट साइज फोटोंसाठी आले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदपत्रांसाठी हवे होते. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, “डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे. उजव्या. काढायचाय डोळा.”

आजीच्या लक्षात आधीच आलं होतं. संध्याकाळी चिऊ उंबऱ्यात उभी असली, की ठरावीक कोनातून तिचा डोळा लकाकायचा. कुणी म्हणालं घारी होईल, कुणी म्हणालं नजर लागली. मग डोळा थोडा तिरळा दिसू लागला. एका डॉक्टरांनी ‘मोठी झाली की सरळ होईल’ म्हणून परत पाठवलं. दोन महिने त्यात गेले. पुढच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत बघितलं आणि त्याच दिवशी मुंबईला जायला सांगितलं.

ते गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढून जुनी हार्डडिस्क लावली. मूळ फाइल मी कधी पुसत नाही. ती फ्रेम उघडली. आठ महिन्यांपूर्वीचा तो पांढरा डोळा तसाच माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर मी या रोगाबद्दल मिळेल ते वाचलं, चिऊच्या डॉक्टरांना भेटलो, विचारत राहिलो. त्यातलं वाचकांच्या उपयोगाचं पुढे लिहितो.

रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा कर्करोग. जवळजवळ नेहमी पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. दर 15 ते 20 हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला. ऐकायला फार दुर्मीळ वाटतं, म्हणून मी आपल्या जिल्ह्याचा हिशेब केला. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख होती. हजारामागे वर्षाला पंधरा-सोळा जन्म धरले तर लाखाच्या आसपास बाळं. म्हणजे ढोबळमानानं दर वर्षी पाच-सहा मुलं एकट्या नाशिक जिल्ह्यात. देवळा, सुरगाणा, येवला, सिडको, कुठल्या तरी घरात आज अशी एक चिऊ असणार. आणि तिच्याही वाढदिवसाला कुणीतरी फोटो काढलेला असणार.

फोटोत हा रोग का दिसतो, हे मला फोटोग्राफर म्हणून समजतं आणि तेच सगळ्यांपर्यंत पोचावं अशी माझी तळमळ आहे. अंधारात बाहुली मोठी उघडलेली असते. फ्लॅशचा उजेड तिच्यातून आत जातो, मागच्या रक्तानं भरलेल्या पडद्यावर आपटतो आणि आल्या वाटेनं परत येतो. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असेल तर तो परतलेला उजेड लेन्समध्ये शिरतो आणि डोळा लाल दिसतो. ज्या लालीला आम्ही दोष समजून घालवतो, ती खरं तर निरोगी डोळ्याची खूण आहे. आत पांढुरकी गाठ असेल तर उजेड तिच्यावरून परततो आणि बाहुली पांढरी दिसते. स्टुडिओत आम्ही छत्र्या आणि सॉफ्टबॉक्स लावून उजेड बाजूनं टाकतो, तिथं लालही दिसत नाही आणि पांढरंही नाही. म्हणून महागड्या स्टुडिओ फोटोपेक्षा घरात मोबाइलवर फ्लॅश मारून काढलेला साधा फोटो इथे जास्त कामाचा. त्यातही ‘रेड आय’ घालवण्याची सोय बंद ठेवलेली बरी.

एक खबरदारी सांगतो, नाहीतर घराघरांत घबराट व्हायची. मूल कॅमेऱ्याकडे सरळ न बघता किंचित नाकाच्या बाजूला बघत असेल, तर उजेड डोळ्याची नस जिथून निघते त्या फिक्या जागेवरून परततो आणि निरोगी बाहुलीसुद्धा एखाद्या फोटोत पांढरी येते. मोतीबिंदूनं किंवा पडद्याच्या दुसऱ्या आजारांनीही पांढरी दिसते. म्हणून पांढरी बाहुली म्हणजे कॅन्सरच असं नाही. पण ती का पांढरी दिसली हे घरी, स्टुडिओत किंवा फोनवर ठरवायचं नाही. थेंब टाकून आतून बघणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडेच जायचं, आणि त्याच आठवड्यात. उलट बाजूही आहे. फोटोत पांढरं दिसलं नाही म्हणून डोळा निरोगी ठरत नाही. तिरळेपणा हे या रोगाचं दुसरं मोठं लक्षण आहे. लहान बाळाच्या तिरळ्या डोळ्याकडे कानाडोळा करू नका.

अमेरिकेत टेक्ससमध्ये ब्रायन शॉ नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या मुलाला हाच रोग झाला. निदान झाल्यावर त्यांनी घरातले सात हजारांहून जास्त फोटो एकेक करून तपासले. बाळ बारा दिवसांचं असतानाच्या फोटोत पहिली पांढरी बाहुली सापडली. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर फोनमधल्या फोटोंत असा डोळा शोधणारं अ‍ॅप तयार केलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्या बापानं सात हजार फोटो पालथे घालून जो ठिपका शोधला, तो मी हातात आलेला असताना पुसून टाकला होता.

आता मुख्य गोष्ट, जगण्या-मरण्याची.

2017 या एका वर्षात निदान झालेल्या चार हजारांहून जास्त मुलांचा जगभरातल्या डॉक्टरांनी मिळून पाठपुरावा केला, 149 देशांतून. तीन वर्षांनंतर श्रीमंत देशांतली शंभरातली 99 हून अधिक मुलं जिवंत होती. भारत ज्या कनिष्ठ-मध्यम उत्पन्नाच्या गटात मोडतो, तिथली 80. सगळ्यात गरीब देशांतली 57. रोग एकच आहे. मुख्य औषधंही काही नवी, गुप्त किंवा सोन्याच्या भावाची नाहीत. कार्बोप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन, इटोपोसाइड, सगळी जुनी, आपल्याकडे मिळणारी. मग शंभरातली वीस मुलं आपण का गमावतो?

याच डॉक्टरांच्या आधीच्या अभ्यासात निदानाच्या वेळचं वय दिलं आहे. श्रीमंत देशांत साधारण 14 महिने, सगळ्यात गरीब देशांत 30 महिने. श्रीमंत देशांत रोग डोळ्याबाहेर गेलेला असतो शंभरात एखाद-दुसऱ्याचा. गरीब देशांत निम्म्यांचा. आपली स्थिती या दोन टोकांच्या मध्ये.

14 महिने या आकड्यापाशी मी थांबलो होतो. माझ्याकडे फोटो आला तेव्हा चिऊ 12 महिन्यांची होती. तेव्हा मी नुसतं म्हटलं असतं, ‘वहिनी, हा डोळा एकदा दाखवून घ्या’, तर मखमलाबादची ही मुलगी लंडन-न्यूयॉर्कच्या मुलांच्याही आधी डॉक्टरांपुढे बसली असती. प्रत्यक्षात बसली 20 व्या महिन्यात. डोळा वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. पण लवकर आलेल्या मुलांत पर्याय जास्त असतात, एवढं खरं.

ते पर्याय कोणते, तेही सांगतो, कारण ‘डोळ्याचा कॅन्सर’ म्हटलं की लोकांना वाटतं सगळं संपलं. गाठींची ए पासून ई पर्यंत प्रतवारी असते, ए सगळ्यात लहान, ई सगळ्यात वाढलेली. लहान गाठ लेझरनं जाळता येते किंवा गोठवून मारता येते. शिरेतून केमो देऊन मोठी गाठ आक्रसवतात, मग उरलेलीवर लेझर. काही केंद्रांत मांडीतल्या धमनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन औषध तिथंच सोडतात. काही वेळा डोळ्याच्या बाहेरून किरणोत्सर्गी पट्टी काही दिवस शिवून ठेवतात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अणुइंधनाच्या कचऱ्यातून वेगळ्या काढलेल्या रुथेनियम-106 पासून अशा पट्ट्या देशातच बनवल्या आहेत. सरसकट बाहेरून किरणं देणं मात्र आता शक्यतो टाळतात. ज्यांचा रोग आनुवंशिक असतो त्यांना त्या किरणांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे नंतर लक्षात आलं. आणि इतर गाठींसारखी इथे सुई घालून तुकडा काढत नाहीत. सुईच्या वाटेनं रोग डोळ्याबाहेर पडू शकतो. भूल देऊन केलेली तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय यांवरच निदान होतं.

चिऊची गाठ ई गटातली होती. डोळ्यात दृष्टी उरली नव्हती. परळला टाटा रुग्णालयात डोळा काढला. काढलेल्या डोळ्याच्या तपासणीत रोग आतल्या आत पसरू पाहत होता असं दिसलं, म्हणून वर सहा केमो. शस्त्रक्रिया आणि केमोचा खर्च योजनेत बसला. केशरी रेशनकार्ड होतं. जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि बुडालेल्या हजेरीचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं दादर. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत मिळते, हे त्यांना तिसऱ्या फेरीला कळलं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. आईच्या पिशवीत कायम थर्मामीटर असायचा. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात आणि ताप आला तर ‘सकाळी बघू’ चालत नाही, रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटल गाठावं लागतं. वर्षभर ती बाई डब्यातल्या भाकरीआधी थर्मामीटर आहे का ते बघायची.

त्याच धर्मशाळेत त्यांना शेजारच्या जिल्ह्यातलं एक कुटुंब भेटलं. मुलगा दोन-अडीच वर्षांचा. त्यांनाही डोळा काढायला सांगितलं होतं. घरच्या वडीलधाऱ्यांनी नकार दिला, एका डोळ्याचं पोर जन्मभर काय करणार म्हणून. गावी घेऊन गेले, झाडपाला केला, नवस बोलले. पाचेक महिन्यांनी परत आले तेव्हा डोळा खोबणीतून बाहेर आला होता आणि रोग नसेच्या वाटेनं मेंदूपर्यंत गेला होता. तो मुलगा गेला. चिऊचे वडील हे सांगताना त्या बापाला एका शब्दानं दोष देत नाहीत. मीही देणार नाही. आपल्या भाषेत ‘डोळे काढीन’ ही धमकी आहे. तेच शब्द डॉक्टरांच्या तोंडून आपल्या लेकराबद्दल ऐकल्यावर आई-बापाचं काय होत असेल!

पण म्हणूनच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. एकाच डोळ्यात मोठी झालेली गाठ असेल तर डोळा काढणं हाच त्या मुलाला वाचवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग असतो. स्कॉटलंडचे शल्यविशारद जेम्स वॉर्ड्रॉप यांनी 1809 मध्येच हे लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा भूल देणंसुद्धा नव्हतं. आज भूल देऊन होणारी ही शस्त्रक्रिया आहे. डोळ्यामागची नस जमेल तेवढी लांब कापून घेतात, कारण रोग त्याच रस्त्यानं मेंदूकडे जातो. रोग डोळ्यात आहे तोवर मूल जवळजवळ हमखास वाचतं. तो बाहेर गेला की लढाई फार अवघड, आणि मेंदूत गेला की हाती क्वचितच काही लागतं. हा फरक काही महिन्यांचा असतो. बातमीतल्या ‘वेळीच’चा अर्थ हा.

चिऊचा कृत्रिम डोळा बनवायचा होता तेव्हा मी वडिलांना विचारून त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो. का गेलो हे तेव्हा त्यांना सांगितलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर दोनेक महिन्यांनी खोबण भरून आली की माप घेतात. काचेचा डोळा म्हणायची पद्धत आहे, पण तो अ‍ॅक्रिलिकचा असतो. त्या कारागिरानं चिऊला आईच्या मांडीवर खिडकीशी बसवलं आणि तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत एका छोट्या काळ्या चकतीवर ब्रश चालवायला सुरुवात केली. आधी गडद तपकिरी, मग मधाच्या रंगाच्या केसाएवढ्या रेघा, बाहेरच्या कडेला राखाडी छटा. मधूनमधून चकती चिऊच्या गालाशी धरून बघायचा आणि पुन्हा रंगवायचा. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी त्यानं लाल रेशमाचे तंतू चिमट्यानं एकेक करून सोडले आणि वर पारदर्शक थर दिला. चिऊ बिस्कीट खात त्याच्या ब्रशकडे बघत होती. मी एकतीस वर्षं डोळ्यांवर टचिंग करतोय. इतक्या निगुतीनं, समोरच्या डोळ्याकडे इतकं नीट बघून, मी एकदाही केलं नव्हतं.

परतीच्या गाडीत कल्याण सोडल्यावर मी त्यांना फोटोचं सांगितलं. मूळ फ्रेम फोनमध्ये होती, ती दाखवली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. आई म्हणाली, “आम्हाला समोर दिसत होतं, तरी आम्हाला कळलं नाही. तुम्हाला फोटोत कसं कळणार?” तिनं मला माफ केलं असेल. पण ‘कसं कळणार’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते नाशिकच्या प्रत्येक स्टुडिओत टांगलेलं असायला हवं.

दुसरं बाळ पोटात होतं तेव्हा त्या घराची पुन्हा परीक्षा झाली. आरबी-1 नावाचं एक जनुक असतं, प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. कापडाला दुहेरी शिवण असावी तसं. एक उसवली तरी दुसरी धरून ठेवते, दोन्ही उसवल्या की पेशी बेफाम वाढते. आल्फ्रेड नुडसन यांनी 1971 मध्ये याच रोगाचा अभ्यास करून हे मांडलं आणि कर्करोग कसा होतो हे समजण्याची वाट तिथून उघडली. काही मुलं एक शिवण उसवलेलीच घेऊन जन्माला येतात. त्यांना बहुधा दोन्ही डोळ्यांत रोग होतो आणि तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो. एकाच डोळ्यात रोग असलेल्यांतही शंभरात पंधराएक मुलं अशी असतात. म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी करायची आणि भावंडांचे डोळे जन्मल्यापासून बघत राहायचे. चिऊच्या भावाचे डोळे पहिल्या आठवड्यातच तपासले. तो सुखरूप आहे. आईला कुणी बोल लावू नये म्हणून हेही लिहितो, की ग्रहणात भाजी चिरली, दृष्ट काढली नाही, असल्या कशाचाही या रोगाशी संबंध नाही.

चिऊ आता चौथीत आहे. चष्मा लावते. नंबर नाही, पण उरलेल्या डोळ्याला मार लागू नये म्हणून न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा. गेल्या जूनमध्ये आयकार्डाच्या फोटोला आली तेव्हा स्टुलावर बसून स्वतःच सांगितलं, “काका, तुम्ही या बाजूला उभे राहा, मला तिकडून दिसता.” घराच्या भिंतीवर अजून तो पहिल्या वाढदिवसाचा फोटो आहे, मी डोळा बदललेला. मी मूळ फ्रेम मोठी करून देतो म्हणालो. आईनं नको म्हटलं. मूळ फ्रेमची एक प्रत वडिलांनी तिच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये ठेवली आहे.

आता माझ्या विनंत्या. माझ्या काउंटरवर मी एक पाटी लावली आहे: ‘फ्लॅशच्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल आणि एक पांढरी दिसली तर आम्ही ती पुसणार नाही. तुम्हाला दाखवू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.’ शहरातल्या आणि तालुक्यांतल्या माझ्या व्यवसायबंधूंनी ही लावावी. मजकूर हवा तसा बदला. एडिटिंगला बसणाऱ्या पोरांना तर हे पहिल्या दिवशी शिकवा, कारण बाळाचा डोळा पडद्यावर चारपट मोठा करून बघणारे आपणच असतो. आई-बापसुद्धा इतक्या जवळून बघत नाहीत. माझ्या पाटीमुळे आतापर्यंत तीन आया आपली बाळं दाखवून आल्या. दोघांना काही नव्हतं, तिसऱ्याला मोतीबिंदू निघाला आणि त्याचं ऑपरेशन झालं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. अंगणवाडीताईंनी त्या दिवशी पालकांच्या फोनमधले फ्लॅशचे दोन फोटोही पथकाला दाखवावेत. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी फक्त एवढं विचारावं, ‘अंधारात बाळाचा डोळा चमकतो का?’ आजीला हे विचारलं तर लवकर कळेल. आमच्या बाबतीत आजीच खरी होती.

आणि संपादक महोदय, एक आपल्याकडे. आपल्या दैनिकात रोज लहान मुलांच्या वाढदिवसांचे फोटो छापून येतात. ते पान लावणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाही ही गोष्ट सांगा. एखाद्या फोटोत पांढरी बाहुली दिसली, तर छापण्याआधी ज्यांनी फोटो पाठवला त्यांना एक फोन करा.

(माझं नाव-पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. कृपया छापू नये, त्यावरून त्या मुलीचं घर ओळखलं जाईल.)

आपला,
एक छायाचित्रकार,
पंचवटी, नाशिक